जीवनसत्त्वांच्या गोळ्या : कोणाला, किती, किती दिवस

शरीराला पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ दररोज कितीतरी ग्रॅम लागतात. जीवनसत्त्वांचे माप मात्र मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमचे आहे, आणि कॅल्शियमसारखे काही अपवाद सोडले तर खनिजांचेही. प्रौढ माणसाला दिवसाला आयोडीन लागते १५० मायक्रोग्रॅम आणि ब-१२ जीवनसत्त्व जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण तेवढे आयोडीन मिळाले नाही तर गळ्यावर गलगंड येते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. ब-१२ वर्षानुवर्षे कमी पडले तर पाय बधिर होतात आणि चालताना तोल जातो. अशी उणीव भरून काढणारी गोळी हे आधुनिक वैद्यकाच्या अतिशय स्वस्त आणि परिणामकारक साधनांपैकी एक आहे. उणीव नसलेल्या माणसाने तीच गोळी घेतली तर बहुधा काहीच घडत नाही, आणि काही वेळा अपाय होतो. म्हणून एखादे पूरक चांगले की वाईट हे नुसत्या त्याच्या नावावरून सांगता येत नाही. घेणाऱ्याच्या शरीरात त्याची उणीव आहे का, हे आधी पाहावे लागते.

जीवनसत्त्वे एकूण तेरा. अ, ड, ई आणि के ही चार स्निग्ध पदार्थांत विरघळतात. शरीर त्यांचा साठा करते, अ जीवनसत्त्वाचा मुख्यतः यकृतात आणि ड जीवनसत्त्वाचा बराचसा चरबीत. हा साठा गरजेच्या काळात कामी येतो, पण जादा झालेले जीवनसत्त्वही तिथेच साचत जाते. ब गटातली आठ आणि क ही पाण्यात विरघळणारी आहेत. त्यांचा जादा अंश बराचसा लघवीवाटे निघून जातो, त्यामुळे ती कितीही घेतली तरी चालतात असा समज रूढ झाला आहे. ब-६ च्या बाबतीत हा समज सपशेल खोटा आहे.

पूरक गोळी नेमके कोणते काम करते याचा एक उत्तम धडा मुंबईत लिहिला गेला. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत, आणि अनेक बायका त्यात दगावत. जंतुसंसर्गाचा संशय विल्स यांनी तपासून बाजूला सारला आणि आहाराकडे लक्ष वळवले. प्राण्यांवरचे प्रयोग झाले, आणि मग स्वस्तातला यीस्टचा अर्क, इंग्लंडात पावाला लावून खातात तो मार्माइट, दिल्यावर रुग्ण झपाट्याने सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधले ते द्रव्य कोणते, हे तेव्हा माहीत नव्हते. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. त्याच दशकात अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती.

फॉलिक ॲसिडचा याहून मोठा उपयोग कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत गर्भाची मज्जानलिका बंद होते. तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहतो किंवा कवटी व मेंदू घडतच नाहीत. असे एक मूल आधी झालेल्या स्त्रियांवर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत एक चाचणी घेतली. तिचा निकाल १९९१ मध्ये आला. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलेल्या स्त्रियांत हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. आता गर्भधारणेचा विचार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे, अशी शिफारस आहे. आधी असे मूल झाले असेल किंवा फिट्सची काही औषधे चालू असतील, तर मात्रा मोठी लागते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते. पाळी चुकली, तपासणी झाली, दवाखान्यात नाव घातले आणि मग गोळी सुरू केली, असा क्रम ठेवला तर मज्जानलिका बंद होण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. या गोळीचा सगळा उपयोग तिच्या वेळेत आहे, आणि आपल्याकडे ती वेळच सर्वांत जास्त हुकते.

हेच फॉलिक ॲसिड चुकीच्या रुग्णाला दिले तर काय होते, तेही १९४० च्या दशकातच दिसून आले. ब-१२ च्या अभावानेही रक्तात मोठ्या पेशी दिसतात. अशा रुग्णांना फॉलिक ॲसिड दिल्यावर त्यांचे रक्त सुधारले, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहिली, काहींची तर बळावली. रक्ताचा अहवाल चांगला आल्याने दुखणे झाकले गेले. ब-१२ स्वतंत्रपणे हाती आले ते १९४८ मध्ये.

ब-१२ चा प्रश्न महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि माणसाला ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते. भाज्या, कडधान्ये आणि धान्यांत ते नसते. दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची उणीव सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. गरोदरपणी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते, फोलेट (फॉलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचे रूप) मात्र जवळजवळ सगळ्यांकडे पुरेसे होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले की, ज्या मातांचे फोलेट सर्वाधिक आणि ब-१२ सर्वांत कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. ही प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. गरोदर स्त्रीला फॉलिक ॲसिड देणे आवश्यकच आहे. तिच्या ब-१२ कडे पाहणेही तितकेच आवश्यक आहे, हे या अभ्यासाने दाखवले.

उणिवेची कारणे केवळ आहारातली नसतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणारे, पित्तासाठी रोज आम्ल कमी करणारी गोळी घेणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले आणि वयस्कर लोक यांच्यात ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेही माणसाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या की दोष साखरेला दिला जातो. तो बऱ्याचदा बरोबर असतो, पण मेटफॉर्मिन चालू असेल तर ब-१२ तपासल्याशिवाय तिथे थांबू नये. उपचार सोपा आहे. इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी, दोन्ही चालतात, कारण मात्रा मोठी असली की शोषणाचा नेहमीचा मार्ग बंद असतानाही तिचा एखादा टक्का आतड्यातून आपोआप आत जातो. ब-१२ च्या जादा मात्रेने विषबाधा होत नाही. पण मज्जातंतूंची उशिरा लक्षात आलेली हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

लोहाइतके गरजेचे आणि लोहाइतके अर्धवट घेतले जाणारे दुसरे पूरक नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर स्त्रीला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस दिली जाते. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. गोळ्या घरोघरी पोचतात, पण सगळ्या पोटात जात नाहीत. मळमळते, पोट गच्च होते, शौचाला काळे होते, आणि आठवडाभरात पाकीट फळीवर जाऊन पडते. काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, हे गोळी देतानाच सांगितले तर अनेकजणी ती सोडणार नाहीत. रिकाम्या पोटी लोह अधिक शोषले जाते, पण सोसत नसेल तर जेवणानंतर घेणे हे न घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व शोषणाला मदत करते. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी शोषणाच्या आड येतात, म्हणून त्यांत आणि लोहाच्या गोळीत दोनेक तासांचे अंतर हवे. एक डोस घेतल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि पुढचे सुमारे २४ तास आतडे लोहाला कमी वाट देते, असे अलीकडच्या संशोधनात आढळले. त्यामुळे रोजची गोळी न सोसणाऱ्यांना एक दिवसाआड गोळी देण्याची पद्धत आता स्वीकारली जात आहे. हिमोग्लोबिन नीट झाले म्हणून गोळी लगेच थांबवायची नसते. शरीरातला साठा भरायला त्यानंतर आणखी तीनेक महिने लागतात.

लोह आपल्या मनाने घेऊ नये याची कारणे ठोस आहेत. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात जवळजवळ नाही. थॅलसेमिया मायनर असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशीही लहान आणि फिकट दिसतात. ते लोहाच्या उणिवेसारखेच वाटते, पण लोह घेऊन त्याला फायदा होत नाही, वर्षानुवर्षे घेतल्यास ते साचत जाते. सिंधी, पंजाबी आणि लोहाणा समाजांत थॅलसेमियाचे प्रमाण अधिक आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकल सेल आजारातही लोहाचा साठा तपासूनच निर्णय घ्यावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचे किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीचे लोह कमी निघाले, तर रक्त पोटातून कुठे झिरपते आहे का, हे आधी शोधावे लागते. तिथे अल्सर असतो, मूळव्याध असते, कधी मोठ्या आतड्याचा कर्करोगही असतो. नुसती रक्तवाढीची गोळी घेत राहिल्यास तो शोध महिनोन्महिने लांबतो. याशिवाय घरातल्या लहान मुलांचा विचार करायला हवा. साखरेच्या पुटाची लाल गोळी त्यांना खाऊसारखी दिसते. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम लोहापासून विषबाधेची लक्षणे सुरू होतात आणि ६० मिलिग्रॅमला जिवावर बेतते. दहा किलोच्या मुलाने आईच्या दहा गोळ्या गिळल्या की ही मर्यादा गाठली जाते. उलट्या थांबल्या म्हणून मूल सावरले असे समजू नये, कारण मधल्या शांततेनंतर यकृत आणि रक्ताभिसरण कोसळू शकते. अशा मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

लहान मुलांसाठीची आणखी दोन पूरके सरकारी कार्यक्रमांत आहेत आणि दोन्ही मोलाची आहेत. रातांधळेपणा आणि त्यातून येणारे अंधत्व टाळण्यासाठी १९७० पासून अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले जातात. नवव्या महिन्यात १ लाख आंतरराष्ट्रीय एकक आणि मग दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, वयाच्या पाच वर्षांपर्यंत. जुलाब लागलेल्या मुलाला ओआरएसच्या जोडीने १४ दिवस झिंक दिले जाते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १० मिलिग्रॅम. जुलाब चार दिवसांत थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे असतात. झिंक म्हणजे जस्त. कोविडच्या साथीत मोठ्यांनी ते महिनोन्महिने घेतले. जादा जस्तामुळे तांब्याचे शोषण अडते, आणि त्यातून रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार होतात. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून गरोदर स्त्रीने रेटिनॉल (अ जीवनसत्त्व) असलेली गोळी रोज १०,००० एककांपुढे घेऊ नये.

ड जीवनसत्त्वाचा आणि आपल्या शहरांचा संबंध आता घरोघरी माहीत आहे. कातडीवर ऊन पडल्यावर ते तयार होते, आणि कचेरीत बसणाऱ्याच्या वाट्याला ऊन येत नाही. तीव्र उणिवेत मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखतात. तिथे हे औषध नेमके काम करते. ‘साठ हजारांची’ म्हणून ओळखली जाणारी, म्हणजे साठ हजार एककांची, गोळी किंवा पाकीट साधारण आठ आठवडे, आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. काहीजण ते गैरसमजाने रोज घेतात. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एककांची आहे, म्हणजे ही मात्रा तिच्या पंधरा पट होते. मग रक्तातले कॅल्शियम वाढते. तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंड बिघडू शकते. चरबीतला साठा हळूहळूच रिता होत असल्याने गोळी बंद केल्यावरही हा त्रास आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. वर्षातून एकदाच भलामोठा डोस देऊन काम भागवण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षाला एकदा ५ लाख एकक दिले. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या अधिक वेळा पडल्या होत्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली होती. उणीव आहे की नाही हे न पाहता सरसकट ड दिल्यास कर्करोग आणि हृदयविकार टळतात का, हे अमेरिकेत २५,८७१ लोकांवर तपासले गेले. रोजच्या २,००० एककांनी दोहोंत लक्षणीय फरक पडला नाही.

ड बरोबर कॅल्शियम आपोआप लिहून दिले जाते. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ पुरेसे असतील तर त्याची गरज नसते. गोळी घ्यायचीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक नको, आणि कार्बोनेट प्रकारची असेल तर जेवणासोबत घ्यावी. पूरक कॅल्शियमने मूतखड्याची शक्यता थोडी वाढते.

निरोगी माणसाने आजार टाळण्यासाठी गोळ्या घ्याव्यात, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासली गेली ती धूम्रपान करणाऱ्यांत. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, आणि त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन अधिक असते, हे १९८० च्या दशकापर्यंत दिसून आले होते. तेव्हा बीटा कॅरोटिनच गोळीतून द्यावे, हा पुढचा विचार साहजिक होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत तशीच एक चाचणी चालू होती. तिच्यात कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच १९९६ मध्ये ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. पुढे ई जीवनसत्त्वाचेही असेच झाले. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीत रोज ४०० एकक ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणाऱ्याच्या पोटात इतर शेकडो द्रव्ये जातात आणि त्याची राहणीही बहुधा वेगळी असते. त्यातले एकच द्रव्य उचलून मोठ्या मात्रेत दिले की त्याचे वागणे बदलते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी बीटा कॅरोटिन आणि ई घेऊ नये, असे स्पष्ट सांगितले. मल्टिव्हिटॅमिनच्या बाजूने किंवा विरोधात शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेही नमूद केले.

सर्दीसाठी क जीवनसत्त्व ही सवय नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या १९७० च्या पुस्तकाने जगभर नेली. त्यानंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर रोज क घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी कमी वेळा होते असे दिसत नाही. ती थोडी लवकर बरी होते, मोठ्यांत सुमारे ८ टक्क्यांनी. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांना मात्र सर्दी निम्म्याने कमी झाली. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतल्यास ठोस उपयोग दिसत नाही. दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे गेल्यास पोट बिघडते, आणि मूतखड्याचा इतिहास असलेल्यांनी तर मोठी मात्रा टाळावीच.

ब-६ हे क्षयरोगाच्या रुग्णाला आयसोनियाझिडच्या जोडीने थोड्या मात्रेत दिले जाते, कारण त्या औषधामुळे हातापायांना मुंग्या येतात आणि ब-६ त्या रोखते. तेच ब-६ दिवसाला काही ग्रॅम घेणाऱ्या सात प्रौढांचे पाय बधिर होऊन त्यांना धड चालता येईनासे झाले, अशी नोंद १९८३ मध्ये झाली. त्याहून पुष्कळ कमी मात्रा दीर्घकाळ घेतल्यावरही असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. मुंग्यांवर म्हणून घेतलेल्या ‘नसांच्या गोळी’त ब-६ असेल आणि मुंग्या वाढत असतील, तर संशय गोळीवरही घ्यावा. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन स्वतः निरुपद्रवी आहे, पण मोठ्या मात्रेत त्यामुळे रक्ताच्या काही चाचण्यांचे निकाल चुकीचे येतात. थायरॉइडचा अहवाल बिघडतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी खोटी चांगली येऊ शकते. म्हणून रक्त देण्याआधी बायोटिन चालू असल्याचे सांगणे आवश्यक आहे.

औषधांशी होणारी टक्कर रोजच्या व्यवहारात सर्वाधिक दिसते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर लागते, नाहीतर थायरॉइडची गोळी शोषलीच जात नाही आणि मात्रा उगाच वाढवली जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके या खनिजांशी बांधली जाऊन निकामी होतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याने के जीवनसत्त्व असलेले पूरक अचानक सुरू किंवा बंद केले, तर रक्ताची गुठळी होण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका संभवतो. मूत्रपिंड अधू असलेल्यांच्या शरीरात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम साचते, आणि वाढलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते.

दुकानात एकाच फळीवर ठेवलेल्या दोन बाटल्या कायद्याच्या नजरेत वेगळ्या असू शकतात. काही गोळ्या औषध म्हणून परवाना घेतलेल्या असतात. बाकीच्या पूरकांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागू होतात, त्यांच्यावर प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि त्या औषधी वापरासाठी नाहीत असे छापणे बंधनकारक असते. आजार बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही. लेबल वाचताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम’ याचा अर्थ २०० मिलिग्रॅम लोह असा नसतो. त्यात प्रत्यक्ष लोह ६० ते ६५ मिलिग्रॅमच असते. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी चालू असतील, तर त्या सगळ्यांतल्या ड, अ, ब-६ आणि जस्ताची बेरीज करून ती डॉक्टरांना दाखवावी.